'फ्राकासार' तुझ्यासाठी नाही

प्रिय मीनल,

तुझं पत्र मिळालं. स्पॅनिशच्या डेले परीक्षेचा निकाल 'नो आप्तो', म्हणजे नापास, आला हे वाचून वाईट वाटलंच, पण त्याखाली तू लिहिलेलं 'ए फ्राकासादो', म्हणजे 'मी अपयशी ठरले', मला जास्त लागलं. आधी त्याबद्दलच बोलू दे.

फ्राकासार हे फार जड क्रियापद आहे गं. लग्न मोडतं, बंड फसतं, वाटाघाटी फिसकटतात, तिथे ते शोभतं. माणूस स्वतःबद्दल एवढंच म्हणाला, की आयुष्यच वाया गेल्यासारखं ऐकू येतं. माद्रिदची मुलगी नापास झाली तर 'ए सुस्पेन्दीदो' म्हणेल. मेक्सिकोत 'रेप्रोबे'. तिथे परीक्षेला सुस्पेन्देर लावलंस तर परीक्षाच पुढे ढकलली किंवा रद्द झाली असं वाटेल. पेरूत मुलं 'मे खालारोन' म्हणतात, म्हणजे मला पाडलं. तुझे शिक्षक मेक्सिकोचे, तेव्हा त्यांना 'रेप्रोबे' लिही.

फायार पुन्हा वेगळं. ब्रेक लागत नाहीत, पेनल्टी हुकते, ऐन वेळी कुणी शब्द फिरवतो, तिथे ते येतं. 'नो मे फायेस' म्हणजे मला तोंडघशी पाडू नकोस. (परीक्षक मंडळ पुरस्काराचा निर्णय देतं तेव्हाही फायारच म्हणतात, पण त्याचं मूळ निराळं, 'सापडणे' या अर्थाचं. बातमीत दिसलं तर गोंधळू नकोस.)

मला खरं वेड लावलंय ते पोदेरच्या, म्हणजे 'शकणे'च्या, दोन भूतकाळांनी. 'नो पोदीया आब्रीर ला पुएर्ता' म्हटलं तर दार उघडता येत नव्हतं, एवढंच. पुढे काय झालं ते कळत नाही. 'नो पुदे आब्रीर ला पुएर्ता' म्हटलं की खटपट केली, जोर लावला, तरी नाहीच उघडलं. अपयशाचा शब्द कुठेच नाही, फक्त काळ बदलला आणि सगळी धडपड त्यात आली. केरेरचंही, म्हणजे 'इच्छा असणे'चंही, तसंच: 'नो केरीया' म्हणजे मनात नव्हतं, 'नो कीसे' म्हणजे साफ नकार दिला. हे दोन काळ पक्के कर. परीक्षेत गोष्ट सांगताना त्यांच्यावरच सगळं अवलंबून असतं.

तुझ्या बाबतीत नेमकं काय घडलं? वाचन-लेखनाचा गट तू काढलास. ऐकणं-बोलणं मिळून ५० पैकी ३० हवे होते, तिथे अडलं. त्याला स्पॅनिशमध्ये 'मे फाल्तारोन पुन्तोस' म्हणतात: मला गुण कमी पडले. रचना थेट आपल्यासारखीच, कर्ता तू नाहीस, गुण आहेत. तू हेच लिहायला हवं होतंस आणि मला तेवढंच खरं वाटतं.

ऐकण्यासाठी रोज बातम्या लाव, कळो न कळो. रविवारी संध्याकाळी मी फोन करते, तासभर मराठी बंद. आणि पुढच्या परीक्षेची नावनोंदणी कधी सुरू होते ते कळव.

तुझीच,
अनघा