विहिरीमागच्या आंब्याला तूर्त हात लावू नका

क्रॅनब्रुक, ब्रिटिश कोलंबिया
१४ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या आठवड्यात फोनवर तुम्ही सहज बोलून गेलात की विहिरीमागचा रायवळ आंबा आता पुरता वाळला आहे, पाऊस उघडला की गावातल्या कोणाला तरी हाताशी घेऊन तो आडवा करायचा आणि पुढच्या अगोटीपर्यंतचे न्हाणीचे जळण घरच्या घरी भागवायचे. मी ‘थांबा’ म्हटले, तेव्हा तुम्ही हसून विचारलेत, ‘मेलेलेच झाड, त्याची कसली भीती?’ या प्रश्नाचे उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता आले नसते, म्हणून आज सुट्टीच्या निमित्ताने हे पत्र लिहायला बसले आहे. येथे आज थँक्सगिव्हिंग आहे. काल आम्ही दिवसभर जंगलातून लाकडे आणली. खांदे भरून आले आहेत, पण बोटे लिहिण्याइतकी शाबूत आहेत.

खरे तर शनिवारीच जायचे ठरले होते, परंतु त्या दिवशी दसरा होता. आई लहानपणी कोयता, विळी, पहार, कुदळ सगळे धुऊन ओटीवर मांडायची, ते आठवून मी चेनसॉ पुसून ठेवला, त्याला कुंकू लावले आणि त्या दिवशी तो चालवायचा नाही असे ठरवले. तुमच्या जावयांनी पेट्रोलचा डबाही शेजारी मांडला. झेंडू मिळाला, आपटा अर्थातच नाही.

आईचा प्रश्न आधी उरकते. घरात गॅसवर चालणारी उष्ण हवेची यंत्रणा असताना लाकडे कशाला, असे ती दर वेळी विचारते. त्या यंत्रणेचा पंखा विजेवर चालतो आणि हिमवादळात तारा तुटल्या की वीज जाते. बाहेर उणे २० अंश असताना घर किती वेळात गार पडते, ते पहिल्याच हिवाळ्यात कळले. तेव्हापासून बैठकीतली लोखंडी शेगडी आमचा मुख्य आधार झाली आहे. धूर सगळा धुराड्यातून वर जातो, त्यामुळे कपड्यांना वास येत नाही, एवढे आईला सांगा.

आता लाकूड कोठून येते ते सांगते. या प्रांतातली सुमारे ९४ टक्के जमीन सरकारी आहे, आणि घरगुती वापरासाठी तिच्यावरचे मेलेले झाड, उभे असो वा पडलेले, तोडण्याचा परवाना विनामूल्य मिळतो. तो जवळ बाळगावा लागतो, त्यातले लाकूड विकता येत नाही, उद्यानांत आणि खासगी जमिनीत तो चालत नाही, आणि ज्या खोडात पक्ष्याचे घरटे आहे किंवा ज्यावर वन्यजीवांसाठी राखल्याची खूण आहे, त्याला हात लावायचा नाही. येथे मेलेले उभे खोड म्हणजे सुतारपक्ष्याची आणि घुबडाची वस्ती समजतात. ओघात आठवण करून देते की आपल्याकडेही १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा, फणस, ऐन, किंजळ ही झाडे आहेत. तेव्हा स्वतःच्या आगरातला असला तरी त्या आंब्यासाठी आधी वनखात्यात विचारणा करा.

येथे एवढी मेलेली झाडे कशी, याचे उत्तर तुम्हाला चटकन पटेल, कारण तुमचे अर्धे आयुष्य भिरूड शोधण्यात गेले आहे. आंब्याच्या सालीवरच्या भोकातून भुसा गळताना दिसला की तुम्ही तार घालून अळी ओढून काढायचात, तसलाच हा प्रकार. फक्त येथला भुंगा तांदळाच्या दाण्याएवढा आणि काळा. तो लॉजपोल पाइन या झाडाच्या सालीखाली शिरतो, तेथे अंडी घालतो, अळ्या सालीखालचा जिवंत थर खातात, आणि भुंग्याबरोबर आलेली निळसर बुरशी खोडातली पाण्याची वाट बंद करते. झाड चिकाने भुंग्याला ढकलून काढायचा प्रयत्न करते. सालीवर डिंकाच्या गोळ्या दिसतात त्या त्याच झटापटीच्या. झाड हरले की पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या सुया तांबड्या होतात आणि त्या गळून गेल्यावर राखाडी सांगाडा उरतो. पूर्वी उणे ४० अंशांच्या आसपासची थंडी काही दिवस टिकली की सालीखालच्या अळ्या मरत. हिवाळे सौम्य होत गेले, शिवाय वर्षानुवर्षे वणवे विझवत राहिल्याने एकाच वयाची, जून पाइनची रानेच्या राने उभी राहिली, आणि १९९० च्या दशकापासून पुढे या भुंग्याने या एका प्रांतात १.८ कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्राला झळ पोचवली. म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. आमच्या शेगडीत जळणाऱ्या पुष्कळशा ढलप्यांवर त्या बुरशीची निळी झाक असते. जळण म्हणून तिचा काही तोटा नाही.

तुम्ही या लाकडाला ‘मऊ’ म्हणून नाके मुरडलीत, त्यावर मात्र मी थोडे भांडणार आहे. येथे सूचिपर्णी झाडांच्या लाकडाला सरसकट सॉफ्टवुड म्हणतात आणि रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाला हार्डवुड. त्यात हाताला लागणाऱ्या कठीणपणाचा हिशेब नाही. त्या न्यायाने आपला पांगारा आणि सावर ‘कठीण’ ठरतात आणि येथला डग्लस फर किंवा लार्च ‘मऊ’, आणि प्रत्यक्षात कुऱ्हाड उलटे सांगते. सुरूचेही तसेच. किनाऱ्यावरचे सुरू पाहून पाहुणे त्याला पाइन समजतात, पण ते सूचिपर्णी नाही, फुलणाऱ्या झाडांच्या कुळातले आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पडलेले सुरू तुम्ही वर्षभर चुलवणाला लावलेत, त्याची धग अजून आठवते. तशी धग पाइनला नाही, हे कबूल. किलोला किलो तोलले तर दोन्ही लाकडे जवळपास सारखीच उष्णता देतात, पण पाइन हलके असल्यामुळे शेगडीत वारंवार घालावे लागते.

लार्चची गंमत सांगायलाच हवी. सूचिपर्णी असून हे झाड दर शरदात पिवळेधमक होते आणि सगळ्या सुया गाळून हिवाळाभर उघडे उभे राहते. नव्याने आलेला माणूस ते मेलेले समजून तोडायला धावतो. पहिल्या वर्षी मीही धावले होते. माघात निष्पर्ण सावर पाहून कोणी कुऱ्हाड उचलावी, तसे ते झाले असते. शेजारच्या आजोबांनी मला थांबवून एक बारीक डहाळी नखाने खरवडून दाखवली. आत हिरवे होते.

या आजोबांनी चाळीस वर्षे लाकूडतोडीच्या धंद्यात काढली आहेत आणि जे काही मला येते ते त्यांच्याकडून आलेले आहे. त्यांचा पहिला नियम असा की झाडाजवळ गेल्यावर यंत्र खाली ठेवायचे आणि वर पाहायचे. मोडून अडकलेली फांदी, तडकलेला शेंडा, शेजारच्या झाडात गुंतलेला फाटा, हे वरून केव्हा सुटेल याचा नेम नसतो. येथले लाकूडतोडे अशा फांदीला ‘विधवा करणारी’ म्हणतात. मग कुऱ्हाडीच्या पाठीने खोड वाजवायचे, जसे तुम्ही फणसावर टिचकी मारता. बद्द आवाज आला तर आत पोकळ किंवा कुजके आहे असे समजून ते झाड सोडून द्यायचे. त्यानंतर पळायची वाट मोकळी करायची, आणि ती बुंध्याच्या थेट मागे ठेवायची नाही, मागे तिरकी ठेवायची, कारण पडताना खोड मागे उसळते. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरे कोणी उभे राहता कामा नये.

तोडण्याची रीत तुम्हाला ठाऊक आहेच, तरीही लिहिते, कारण मेलेल्या झाडाचा खरा धोका येथेच आहे. ज्या बाजूला पाडायचे त्या बाजूला खोडाच्या साधारण चौथाईपर्यंत खाच घ्यायची, मग मागून, खाचेच्या टोकापेक्षा किंचित वर, आडवा काप घेत यायचे, आणि दोन्हींच्या मध्ये न कापलेली एक पट्टी राखायची. फूटभर जाडीच्या खोडाला ती सव्वा इंचाची पुरते. ही पट्टी म्हणजे झाडाची बिजागरी. तिच्यावर झाड सावकाश वळते आणि ठरलेल्या दिशेला जाते. जिवंत झाडाचे धागे ओल्या फोकासारखे वाकतात आणि शेवटपर्यंत धरून ठेवतात. मेलेल्या झाडाचे धागे वाळक्या काडीसारखे मध्येच कडकन तुटतात, आणि एकदा बिजागरी तुटली की झाड कोणीकडे जाईल ते झाडच ठरवते. कापताना लाकडाचे लांबट छिलके पडत असतील तर ठीक. तपकिरी पीठ पडू लागले तर आतून कुजलेले आहे, हात तेथेच थांबवायचा.

गेल्या वर्षीचा प्रसंग मी तुम्हाला आजवर सांगितला नव्हता. डग्लस फरचे एक वाळलेले झाड होते, वाजवून पाहिले, आवाज खणखणीत होता. मागचा काप घेतला, झाड थोडे मागे कलले, म्हणून मी कापात पाचर बसवून घण मारू लागले. प्रत्येक घावाचा हादरा खोडातून वर शेंड्यापर्यंत जात होता, आणि माझे लक्ष पाचरीवर होते. चौथ्या घावाच्या आधी आजोबा एकदम ओरडले. मी घण टाकून वाटेने मागे सरले, आणि दोन पुरुष उंचीचा शेंडा मोडून मी उभी होते तेथून चार पावलांवर जमिनीत रुतला. डोक्यावर शिरस्त्राण होते, पायात करवतीची साखळी अडकवून थांबवणाऱ्या तंतूंची विजार होती, आणि त्या शेंड्यापुढे दोन्ही कुचकामी ठरली असती. तेव्हापासून आमच्यात एकाने घण मारायचा आणि दुसऱ्याने दूर उभे राहून फक्त वर पाहायचे, असा शिरस्ता आहे. एकट्याने कधीच जायचे नाही.

वाळण्याबद्दल थोडे. मेलेले झाड म्हणजे कोरडे लाकूड, ही समजूत निम्मीच खरी आहे. भुंग्याने मारलेला पाइन उभ्या उभ्या वाळतो, वरचा भाग त्याच वर्षी जाळता येतो, पण बुंध्याजवळचा हात-दीड हात भाग जमिनीची ओल धरून असतो. पहिल्या हिवाळ्यात आम्ही एका विक्रेत्याकडून ‘सुकलेले’ म्हणून एक कॉर्ड विकत घेतले. कॉर्ड म्हणजे १२८ घनफूट, आपल्या सव्वा ब्रासहून थोडे जास्त. ते लाकूड शेगडीत सूं सूं करत फेस काढायचे, काच काळी पडायची, आणि धुराड्यात डांबरासारखा थर साचला. हाच थर पेटून येथे घरांना आगी लागतात. लोक त्याचा दोष पाइनच्या राळेला देतात. दोष ओलीचा आणि धुमसत्या आगीचा. आता मी ढलपी फोडून आतल्या ताज्या बाजूला ओल मोजायचे यंत्र टोचते, आणि २० टक्क्यांखाली आल्याशिवाय ती घरात येत नाही. ओंडक्यांचे हातभर तुकडे करून, फोडून, जमिनीपासून उंच फळ्यांवर रचतो. वरून झाकतो, बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवतो. पडवीतली आपली अगोटीची रास हुबेहूब अशीच असते, फक्त येथे पावसाच्या जागी बर्फ.

आता आपल्या आंब्याकडे येते. तो भिरुडाने मेला आहे, म्हणजे आतून पोखरलेला आहे, आणि त्यावरून दोन पावसाळे गेले आहेत. येथला पाइन कोरड्या हवेत वर्षानुवर्षे टणक उभा राहतो; आपल्याकडच्या दमट हवेत आंब्याचे लाकूड तेवढे थांबत नाही. शिवाय तो गोठ्याकडे कललेला आहे आणि विजेची तार त्याच्या फांद्यांखालून घरात येते. तेव्हा कोणालाही वर चढवू नका, मग तो माडावर सरसर चढणारा पाडेली का असेना. माड वाकतो, ही फांदी मोडेल. ढोलीत गांधीलमाश्यांचे पोळे आहे का, ते लांबून पाहून घ्या. वनखात्याचा कागद हाती आला, की तार सोडवून घेण्यासाठी महावितरणच्या कचेरीत अर्ज द्या आणि गुरे त्या दिवशी दुसरीकडे बांधा. झाड पाडायला यंत्रवाला माणूस आणा, आणि शक्य असेल तर वरच्या फांद्या क्रेनच्या पाळण्यातून उतरवून घ्या. खर्च मी पाठवते. तुम्ही ओटीवरून शेंड्याकडे पाहत राहायचे, तेवढेच काम तुमच्याकडे. मी जानेवारीत येते आहे. तोवर झाड उभे राहिले तर राहू द्या. न्हाणीला झावळ्या, नारळाची सोडणे आणि करवंट्या पुरतील.

पाकिटात धाकट्याने काढलेला एक फोटो आहे. त्यातले मागचे पिवळे झाड म्हणजे लार्च. ते जिवंत आहे. आईला नमस्कार. कोजागिरीला आमच्या वाट्याचे मसाला दूध तिनेच प्यावे.

तुमची लेक