खपलीची खीर हवी, पण कांडणार कोण?

मा. संपादक,

सणासुदीच्या तोंडावर आपल्या सीमाभागात एक सूर हमखास ऐकू येतो: पूर्वीची चव राहिली नाही, खपलीची खीर आता नावापुरती उरली, आजकालच्या सुनांना वेळ नाही. तक्रार करणाऱ्यांनी चवीबरोबर त्यामागच्या कामाचाही हिशेब मांडावा, एवढ्यासाठी हे पत्र.

खपली म्हणजे टरफलासकट मळणारा गहू. साध्या गव्हासारखा तो खळ्यावर मोकळा होत नाही. मळणीनंतरही एकेका टरफलात दोन दोन दाणे घट्ट बसलेले असतात. शंभर किलोतले पंचवीस-तीस किलो निव्वळ टरफलच. ते काढायचे म्हणजे कांडण. किलोला साधारण अर्धी वाटी पाण्याचा हात लावायचा, फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवायचे आणि दोन दोन किलोचा घाणा उखळात घालायचा. कोरडी कांडली तर दाणा फुटून कणी होते. पाणी जास्त झाले तर दाणे चेपतात आणि नीट वाळवले नाहीत तर कुबट वास धरतात. मुसळाची वसवी, म्हणजे टोकाची लोखंडी कडी, झिजलेली असेल तर नुसताच आवाज होतो, टरफल जागचे हलत नाही. कांडून झाले की ऊन, मग सूप, मग राहिलेले टरफलाचे दाणे वेचून पुन्हा उखळात. दोघींनी पाच किलो घेतली तरी सकाळ सरते आणि हाती येते साडेतीन-पावणेचार किलो. पाणी भरणे, भाकरी, धारा ही कामे वेगळीच. मराठीत खीर म्हणा की कन्नडात हुग्गी, खांदे दोन्ही घरांत सारखेच भरून यायचे. जात्यावरच्या ओव्यांचे कौतुक करणाऱ्यांनी त्यातला सासुरवासही कधी कान देऊन ऐकावा.

1960 च्या दशकाअखेरीस कल्याणसोनासारखे बुटके गहू आले. एकरी उतारा जास्त आणि दाणा मळणीतच मोकळा, थेट गिरणीत टाकावा असा. शेतकऱ्याने उतारा पाहून खपली कमी केली आणि घरातल्या बायकांनी तिच्यासाठी रडारड केली नाही, यात नवल ते काय? याला संस्कार बुडाले म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

दुसरी गंमत अशी की ज्या खपलीला आपण आजोबांच्या काळातली म्हणतो, तिचे बियाणे पुष्कळदा धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे डीडीके 1029 असते. तो निमबुटका वाण आहे, जुन्या उंच खपलीसारखा वाऱ्यापाण्यात सहज लोळत नाही. पुण्याच्या आघारकर संस्थेचा एमएसीएस 2971 हाही तसाच बुटका. म्हणजे आपली आठवणीतली चव टिकली आहे ती संशोधकांच्या खटपटीमुळे. तरी पाकिटावर बैलगाडीचेच चित्र! शिवाय खपलीतही ग्लुटेन असते. ज्यांना गहू पूर्ण वर्ज्य आहे त्यांनी ‘प्राचीन’ या शब्दाला भुलू नये.

आता कांडप यंत्रावर होते आणि ते चांगलेच आहे. दोष असेल तर यंत्र लावण्यात. भातासाठी लावलेल्या रबरी रोलांतली फट खपलीसाठी बदलावी लागते. फट कमी पडली तर दाण्याचे तुकडे होतात, जास्त राहिली तर खपली टरफलासकट तशीच खाली येते. लोखंडी हलरमध्ये दोन-तीनदा फिरवली की दाणा चकचकीत दिसतो, पण कोंडा आणि अंकुर निघून जातो. गिऱ्हाईक नेमके तेच चकचकीत उचलते आणि घरी येऊन चव नाही म्हणते.

खीर बिघडते त्यालाही सुनेची पिढी कारण नाही. खपली रात्रभर भिजवून, दाणा बोटाने दाबला की लोण्यासारखा चेपेपर्यंत शिजवावी लागते. जाड बुडाच्या पातेल्यात दोन तास सहज जातात. गूळ घालायचा तो त्यानंतर, किलोला पाऊण ते एक किलो. आधी घातला तर दाणा आकसतो आणि मग कितीही शिजवा, चिवटच राहतो. गुळाच्या उकळत्या खिरीत दूध ओतले की फाटते. म्हणून नारळाचे दूध घ्यावे, नाहीतर खीर कोमट झाल्यावर दूध घालावे. एवढे सांभाळले तर गॅसवरही तीच चव उतरते. चुलीचा धूर डोळ्यांत जायचा, खिरीत नव्हे.

विकणाऱ्यांनी पाकिटावर वाण, कांडपाची तारीख आणि पॉलिश केली की नाही एवढे छापावे. कांडलेल्या खपलीला टोका किडा लवकर लागतो, टरफलातली बराच काळ टिकते. तेव्हा घ्यायची तर टरफलासकट घ्यावी, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावी आणि लागेल तेवढीच कांडून आणावी. कांडपाचे पैसे देताना मात्र घासाघीस करू नये. आणि उखळातलीच हवी असा हट्ट असेल, तर बऱ्याच परसांत उखळ अजून पालथे पडलेले आहे. मुसळाला नवी वसवी लोहार बसवून देतो. रविवारी पुरुषमंडळी मोकळीच असतात.

आपला,
एक वाचक, ता. चिकोडी