तंबाखू सोडायला निघालेल्या मित्रास

सातारा

प्रिय संज्या,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून तंबाखू बंद करायचं तू ठरवलंस हे ऐकून फार बरं वाटलं. या वेळी तू खरंच मनावर घेतलं आहेस, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

एक तर दिवाळीपर्यंत थांबू नकोस. पंधरा दिवसांच्या आतली तारीख धर, डॉक्टरही तेच सांगतात. मधे फार दिवस गेले की ठरवलेलं ढिलं पडतं. फक्त मुक्कामी गाडीची ड्यूटी नसेल असा आठवडा बघ. पहिले काही दिवस सगळ्यात जड जातात: चिडचिड होते, डोकं धरतं, झोप उडते. निकोटिन अंगातून उतरत असतं म्हणून हे होतं. दोन ते चार आठवड्यांत बराच उतार पडतो.

पण संज्या, ‘सोडायची’ एवढ्यानं भागत नाही. मी तुला कितीदा बघितलंय. गाडी स्टँडला लागते, कंडक्टर एन्ट्री करायला जातो, तू खाली उतरतोस आणि हात आपोआप वरच्या खिशाकडे जातो. डाव्या तळहातावर चिमूट, नखानं चुना, अंगठ्यानं मळणं, दोन थापट्या, की गेली ओठाखाली. त्या पाच मिनिटांत हाताला दुसरं काय द्यायचं, ते आजच ठरव. ‘गाडी लावली की आधी चूळ भरायची, मग फुटाणे खात गाडीला एक चक्कर मारायची’, इतकं नेमकं ठरव. जेवणानंतरचं वेगळं आणि सकाळच्या चहानंतरचं वेगळं. तलफ आली की वाटतं आता काही खरं नाही, पण ती काही मिनिटांत ओसरते. तेवढी मिनिटं काढायची.

तंबाखूच्या जागी सुपारी मात्र धरू नकोस. आपल्याकडे सर्रास तेच करतात. निव्वळ सुपारीनंही तोंडाचा कॅन्सर होतो, आणि तोंड उघडेनासं होतं ते मुख्यतः तिच्यामुळेच. तुझ्या गालाला आतून पांढरा चट्टा आहे म्हणालास, तो याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरांना दाखव. यात चालढकल नको. निकोटिनच्या च्युइंगगमचंही त्यांनाच विचार. तो नेहमीच्या च्युइंगगमसारखा सतत चघळायचा नसतो. थोडा चावून गालात धरायचा, आणि चहा घेतल्यावर लगेच तोंडात टाकायचा नाही.

लंडनमध्ये 96 लोकांवर झालेला एक अभ्यास मला फार धीराचा वाटतो. रोज एक नवी गोष्ट करायची, फळ खायचं किंवा पळायला जायचं, आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते बघायचं. सरासरी 66 दिवस निघाले, पण कुणाला 18 पुरले तर कुणाचा हिशेब 254 वर गेला. मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. तेव्हा लोक म्हणतात तसं एकवीस दिवसांत जमलं नाही म्हणून खचू नकोस. एखाद्या दिवशी खाल्लीच, तर ‘आता मोडलंच’ म्हणून नवी पुडी घेऊ नकोस. त्याच क्षणापासून पुन्हा बंद.

आणि कशासाठी सोडतोयस ते विसरू नकोस. लेक म्हणाली ना, "पप्पा, वास येतो, लांब बसा." हे सांगताना तुझा आवाज बदलला होता. माझ्या मते तुझं खरं कारण तेच आहे. कॅन्सरची भीती आपण पुडीवरच्या चित्रासारखी रोज बघून विसरतो, लेकीचं बोलणं तसं विसरता येत नाही. तारीख तिलाच ठरवू दे. वहिनींनाही आधी सांगून ठेव, म्हणजे तुझ्या चिडचिडीचं त्या मनाला लावून घेणार नाहीत.

सरकारची 1800-11-2356 ही फुकट हेल्पलाइन आहे, तिथे समुपदेशक बोलतात. आणि पहिले काही दिवस रात्री कितीही वाजता मला फोन कर. मी उचलेन.

तारीख ठरली की लगेच कळव. वहिनींना नमस्कार, लेकीला गोड पापा.

तुझा,
दिल्या