बर्फातली मधली सुट्टी: एका शिक्षक मित्रास पत्र

२ डिसेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. अमेरिकेच्या उत्तर भागातल्या एका कॅथलिक शाळेत येत्या जानेवारीपासून तू प्राथमिकच्या मुलांना शिकवणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. तू मला दोन गोष्टी विचारल्या आहेस. एवढ्या थंडीत मुलांना मधल्या सुट्टीत खरोखरच बाहेर सोडतात का, ही पहिली. आणि शाळा कॅथलिक असणे म्हणजे सकाळची प्रार्थना व आठवड्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, यांच्यापलीकडे नेमके काय, ही दुसरी. मला मात्र इथले हिवाळे काढल्यावर या दोन्हींची उत्तरे वेगवेगळी देता येत नाहीत, त्यामुळे पत्र लांबणार आहे. चहा घेऊन बस.

मुलांना बाहेर सोडतात, आणि सोडायलाच हवे. शून्याखाली पाच-सात अंश तापमान म्हणजे इथे खेळायला उत्तम हवा. मर्यादा ठरते ती वाऱ्यासकट अंगाला जाणवणाऱ्या थंडीवरून. तापमान उणे १८ अंश सेल्सिअस असले आणि वारा ताशी २४ किलोमीटर वेगाने वाहत असला, तर ती थंडी उणे २८ अंशांसारखी बोचते आणि उघडी त्वचा सुमारे ३० मिनिटांत गोठू शकते. म्हणून जाणवणारी थंडी उणे १८ अंशांच्या आसपास उतरली की बऱ्याच शाळा मुलांना आतच ठेवतात. हा आकडा शाळेगणिक थोडा बदलतो, तेव्हा तुझ्या शाळेचा नियम पहिल्याच दिवशी विचारून घे. कुणाच्या नाकाचा शेंडा किंवा गाल पांढरट पडून बधिर झाला, तर त्याला लगेच आत ने. तो भाग चोळू नकोस, कोमट पाण्याची ऊब दे. आणि लोखंडी खांबाला जीभ लावून बघणारे एखादे मूल तुलाही भेटेलच. त्याला ओढू न देता जिभेवर कोमट पाणी ओत. मला स्वतःला थंडीपेक्षा आत कोंडलेल्या दिवसांचीच धास्ती जास्त वाटते, कारण सुट्टीत न धावलेला वर्ग दुपारी दोन वाजेपर्यंत एकमेकांच्या जिवावर उठलेला असतो.

खरी परीक्षा असते ती कपडे चढवण्याची. गणवेशावरून आधी स्नोपॅन्ट, मग बूट, मग जॅकेट, मग कानटोपी, आणि हातमोजे सर्वांत शेवटी. ‘हातमोजे शेवटी’ हे दोन शब्द तू झोपेतसुद्धा बोलू लागशील. पहिलीतले मूल हमखास हातमोजे आधी घालते आणि मग जॅकेटची चेन लावता येत नाही म्हणून दोन्ही हात पुढे करून ओळीत मुकाट उभे राहते. अशी आठ-दहा मुले एका वेळी उभी असली की एकट्या शिक्षकाचे काम नव्हे. आमच्याकडे यावर उपाय सापडला तो चर्चमध्ये. शाळेच्या मिस्सेला आठवीतला प्रत्येक मुलगा किंवा मुलगी पहिलीतल्या एका मुलाला आपल्याजवळ घेऊन बसते. प्रार्थनेचे पान काढून देणे, केव्हा उभे राहायचे आणि केव्हा गुडघे टेकायचे हे खुणेने सांगणे, चुळबुळ वाढली की हळूच मांडीवर हात ठेवणे, ही सारी त्या मोठ्याची जबाबदारी. मुख्याध्यापिकांनी दोन्ही वर्गांची मधली सुट्टी एकाच वेळी ठेवली, आणि कोणी न सांगता तीच मोठी मुले चेन लावायला खाली वाकू लागली. धर्मशिक्षणाच्या तासाला परस्परप्रेमावर मी पुष्कळ बोललो आहे. त्या बोलण्याने एकही चेन लागली असेल असे मला वाटत नाही.

बर्फाविषयीही तुला थोडे सांगायला हवे, कारण त्याचा स्वभाव कळला नाही तर मुलांची भांडणे कळत नाहीत. कडक थंडीतला बर्फ कोरडा आणि भुसभुशीत असतो, मुठीत दाबला तरी त्याचा गोळा होत नाही. तापमान शून्याजवळ आले की कणांवर पाण्याचा पातळ थर धरतो, बर्फ एकमेकांना चिकटू लागतो, आणि अशा दिवशी सारे मैदान किल्ले बांधायला धावते. बहुतेक शाळांत बर्फाचे गोळे एकमेकांवर मारायला बंदी असते. बर्फ हटवणाऱ्या नांगरगाडीने मैदानाच्या कोपऱ्यात ढकलून रचलेल्या ढिगाऱ्यावर चढून इतरांना खाली लोटण्याचा खेळही बंद असतो, आणि नेमका तोच मुलांना सर्वांत प्रिय असतो. किल्ले मात्र चालतात. किल्ला आला की मालमत्ता आली, आणि मालमत्ता आली की चोरीही आलीच. एका वर्षी तिसरीच्या मुलांनी घासून घासून बर्फाच्या विटा पाडल्या आणि भिंत रचली, ती पाचवीच्या सुट्टीत निम्मी नाहीशी झाली आणि पाचवीचा बुरूज तेवढाच उंच झाला. तिसरीचा एक मुलगा रडत आला आणि म्हणाला, ‘बर्फ देवाचा आहे असे तुम्हीच सांगितले, आणि तेही हेच सांगून घेऊन गेले.’

अशा वेळी प्रवचन देण्याचा मोह अनावर होतो. मी दोन्ही वर्गांचे चार-चार प्रतिनिधी ढिगाऱ्याजवळ उभे केले आणि घंटा होईपर्यंत नियम तुम्हीच ठरवा म्हणून सांगितले. त्यांनी ठरवले ते असे: उभ्या भिंतीला कोणी हात लावायचा नाही, सुटा बर्फ सगळ्यांचा, आणि दुसऱ्याच्या किल्ल्यात शिरताना विचारायचे. पाचवीने विटा परत केल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी नव्या पाडून दिल्या. आता तो नियम नव्या मुलांना जुनी मुलेच सांगतात, आणि तो कोणी केला हे कुणालाही आठवत नाही.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. माझे मत थोडे टोकाचे वाटेल. कॅथलिक शाळेची ओळख चर्चइतकीच मधल्या सुट्टीत होते, आणि ती मुलांच्या आधी मोठ्यांच्या वागण्यातून होते. संत जॉन बॉस्को तुला ठाऊकच आहेत. १८१५ साली इटलीतल्या पिडमॉन्टमध्ये जन्मलेला हा मुलगा लहानपणी डोंबाऱ्याच्या कसरती आणि हातचलाखी शिकला, गावातली मुले त्या खेळाभोवती गोळा करायचा आणि खेळाच्या अधूनमधून रविवारचे प्रवचन त्यांना ऐकवायचा. पुढे धर्मगुरू झाल्यावर १८४६ पासून तुरिनच्या वाल्दोक्को भागात त्यांनी अनाथ आणि कामकरी मुलांसाठी जे केंद्र चालवले, त्याचा प्राण म्हणजे खेळाचे अंगण होते. मे १८८४ मध्ये त्यांनी रोमहून आपल्या सहकाऱ्यांना एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी स्वप्नात पाहिलेली दोन अंगणे वर्णन केली आहेत: एक जुन्या दिवसांचे, ज्यात मुले आणि गुरुजन एकत्र धावत-ओरडत आहेत, आणि एक त्या वेळचे, ज्यात मुले कंटाळून भिंतींना टेकली आहेत आणि गुरुजन आपापसात बोलत बाजूला उभे आहेत. त्यांचे म्हणणे असे की मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही, आपल्यावर प्रेम केले जाते हे मुलांना कळले पाहिजे. आणि मुलांना जे आवडते त्यात मोठे सहभागी झाले तरच ते कळते. मी हे पत्र प्रथम वाचले तेव्हा मला आमच्या शाळेचा मागचा दरवाजा आठवला. उणे दहा अंशांत देखरेखीवर असलेले शिक्षक त्या दरवाजाच्या काचेआड, कॉफीचा पेला हातात धरून उभे राहतात. देखरेख तिथूनही नियमाप्रमाणे होते, मुले मोजून बाहेर जातात आणि मोजून आत येतात. पण किल्ल्यात कोण घेतला गेला नाही, कोण सुट्टीभर एकटाच कुंपणाच्या कडेने चालत राहिला, हे काचेतून दिसत नाही. तू बाहेर उभा राहा. घसरगाडीवर बसायचा आग्रह झाला तर बसही.

प्रार्थना मैदानात येते ती दुपारी बारा वाजता. सगळ्या कॅथलिक शाळांत हे होते असे समजू नकोस. आमच्याकडे अँजेलस या प्रार्थनेची घंटा सुट्टीच्या मध्यावर वाजते आणि सगळे जागच्या जागी थांबतात. देवदूताने मरियेला दिलेला निरोप, तीन वेळा ‘नमो मरिया’, आणि पुन्हा खेळ. घसरणीवर निम्म्यात असलेली मुले खाली येईपर्यंत घसरतच राहतात आणि पोटावर पडल्या पडल्या पुटपुटतात. त्याला मी हरकत घेत नाही. एक-दोन उत्साही पालकांनी मुलांना बर्फात गुडघे टेकवायची सूचना केली होती. कडाक्याच्या थंडीत मिनिटाभराची प्रार्थना उभ्यानेच व्हावी असे माझे स्पष्ट मत आहे, आणि आमच्या फादरांचेही आहे.

बाकी हिवाळा उपासनेच्या पंचांगानेच पुढे सरकतो. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा सण असतो. फ्रान्समधल्या आमियां शहराच्या वेशीवर थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा तलवारीने कापून अर्धा देणारा हा रोमन शिपाई. त्या दिवशी आम्ही मागच्या दरवाजाजवळ हातमोजे, टोप्या आणि जुन्या स्नोपॅन्टची पेटी ठेवतो. तिला झाकण नसते आणि तिची वहीही नसते. ज्याला हवे त्याने उचलावे, कोणी विचारायचे नाही. वही ठेवण्याचा विचार एकदा बैठकीत निघाला होता आणि सुदैवाने मागे पडला, कारण नाव लिहावे लागले असते तर ज्यांना खरी गरज आहे ती मुले उघड्या हातांनीच खेळली असती. परवाच्या रविवारी आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, सुरू झाला; वर्गातल्या हिरव्या चक्रावर तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती आहे, आणि गुलाबी केव्हा पेटणार हे मला रोज विचारले जाते. ६ डिसेंबरला संत निकोलस, तेव्हा इतरत्र मुले खाऊच्या आशेने पायताण दाराशी ठेवतात, आमच्याकडे ओले बूट आधीच ओळीने मांडलेले असतात.

तू येशील तेव्हा खडूने दारावर २० + सी + एम + बी + २६ असे लिहिलेले असेल. ती प्रकटीकरणाच्या सणाची खूण आहे, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांच्या नावांची आद्याक्षरे, पुसू नकोस. जानेवारीच्या शेवटच्या रविवारपासून देशभर कॅथलिक शाळांचा सप्ताह असतो, तो १९७४ पासून चालू आहे. २८ तारखेला मध्ययुगीन तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांचा सण येतो, जे शाळांचे आश्रयदाते आहेत आणि ज्यांनी खेळाला सद्गुणांत जागा दिली: सतत ताणलेले धनुष्य जसे मोडते तसे विसावा न मिळालेले मनही मोडते, हा जुना दृष्टान्त त्यांनी त्यासाठीच सांगितला आहे. ३१ ला जॉन बॉस्को. तुझ्या वर्गात थोडी मोठी मुले असतील तर त्यांना पिएर जॉर्जो फ्रास्साती यांच्याविषयी जरूर सांग. तेही तुरिनचेच. डोंगर चढणारे, स्की करणारे, आणि शहरातल्या गरिबांच्या घरी औषधे व कपडे गुपचूप पोचवणारे. १९२५ साली, वयाच्या २४ व्या वर्षी पोलिओने गेले, आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांना संत घोषित करण्यात आले. स्कीवर उभे असलेल्या संताचे छायाचित्र पाहून सातवी-आठवीची मुले सरळ बसतात, हे मी पाहिले आहे.

३ फेब्रुवारीला संत ब्लेझच्या दिवशी फादर दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून प्रत्येकाच्या गळ्याला लावतात आणि घशाच्या आजारांपासून रक्षणाची प्रार्थना करतात. सर्दी-खोकल्याच्या ऐन दिवसांत रांगेतले प्रत्येक मूल आपला मफलर सोडते, हनुवटी वर करते आणि डोळे तिरके करून मेणबत्तीकडे बघत राहते. नव्या वर्षी राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला आहे, म्हणजे बर्फ असणारच. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन मुले सुट्टीला बाहेर जातील, कानटोप्या ओढतील, आणि परत येतील तेव्हा क्रूस टोपीच्या आतल्या लोकरीला लागलेला असेल. काही मुले रडतात, आपला उपवासकाळ पुसला गेला म्हणून. तेव्हा त्यांना राख गेली तरी चालते, ठरवलेला नेम पाळ, एवढेच सांगावे. आमच्या दुसरीच्या मुलांनी गेल्या वेळी चॉकलेट सोडण्याऐवजी घसरणीवरची आपली पहिली पाळी दुसऱ्याला देण्याचा नेम केला होता. दोन आठवड्यांत पहिली पाळी घ्यायलाच कोणी तयार होईना आणि रांग हलेना, तेव्हा मला मध्ये पडावे लागले.

तुझ्या वर्गात कॅथलिक नसलेली मुलेही असतील, हे मनाशी धरून ठेव. चर्चमध्ये ती काय करतील हे शाळेने पालकांशी आधीच बोललेले असते. बर्फात हा प्रश्न मी कधी उठलेला पाहिला नाही.

तुला कोणती इयत्ता मिळणार आणि सुट्टीची देखरेख कोणत्या दिवशी असणार, ते ठरले की कळव. सामानात स्वतःसाठी स्नोपॅन्ट घे. नुसत्या जाड कोटावर भागत नाही, कारण तुला खाली बसावे लागेल. हातमोज्यांचे दोन जोड हवेत, अंगठा तेवढा वेगळा आणि बाकीची बोटे एकत्र असलेले, म्हणजे एक वाळत असताना दुसरा हाती राहील. बूट मात्र इथे येऊन घे, माप मोठे लागते, आत दोन मोजे मावले पाहिजेत.

तुझा,
मित्र