हवेलीचे दार उघडले, आता खंडाच्या वह्याही उघडा

प्रति,
माननीय मंत्री,
गृहनिर्माण, स्थानिक शासन आणि वारसा,
आयर्लंड सरकार, डब्लिन

महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत आहे याचे नवल वाटून घेऊ नका. उन्हाळ्यात तुमच्या जुन्या हवेल्यांची तिकिटे काढणाऱ्यांत आम्ही इथले मराठी लोकही असतो, आणि त्या हवेल्यांना ज्या तिजोरीतून सवलत मिळते तिच्यात आमचाही कर जमा होतो. मागणी करायला एवढा हक्क पुरे.

मागणी आहे कलम 482 बद्दल. 1997 च्या करकायद्यातल्या या कलमामुळे जुन्या हवेलीचा मालक दुरुस्ती-देखभालीचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करू शकतो. वास्तू महत्त्वाची आहे का, हे तुमचे खाते ठरवते. ती वर्षातून किमान 60 दिवस लोकांना खुली असते का, हे महसूल खाते पाहते. सवलतीला माझा विरोध नाही. अडीचशे वर्षांचे छप्पर गळू लागले की भलेभले मालक हात टेकतात, आणि घर पडून गेले तर दाखवायलाच काही उरणार नाही. पण अट फक्त दार उघडण्याची आहे. आत गेल्यावर आम्ही झुंबरे पाहतो, छताचे नक्षीकाम पाहतो, कुठल्याशा अर्लसाहेबांच्या लाडक्या घोड्याचे तैलचित्र पाहतो आणि चहा-स्कोन घेऊन परततो. हे सगळे कोणाच्या खंडावर, म्हणजे जमिनीच्या भाड्यावर, उभे राहिले आणि ती कुळे पुढे कुठे गेली, हे सांगण्याची सक्ती कोणावर नाही.

सक्ती नसतानाही हे करता येते, याचा पुरावा तुमच्याच देशात, रॉसकॉमन काउंटीत उभा आहे. स्ट्रोक्सटाउन ही माहोन घराण्याची हवेली. नोकरमाणसांची ये-जा पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून तिथे जमिनीखालून बोगदा काढलेला आहे. स्वयंपाकघराला वरून सज्जा आहे. बाईसाहेब तिथूनच जेवणाच्या बेताचा कागद खाली टाकत. स्वयंपाकिणीपर्यंत उतरून जाण्याची गरज नसे.

1845 मध्ये ही इस्टेट मेजर डेनिस माहोन यांच्याकडे आली, आणि त्याच साली गरिबांचे मुख्य अन्न असलेल्या बटाट्यावर करपा पडून मोठा दुष्काळ सुरू झाला. इस्टेट अकरा हजार एकरांच्या वर, कर्जात बुडालेली, खंडाची थकबाकी डोंगराएवढी. त्यात कायदा असा, की चार पौंडांपर्यंत मूल्यांकन असलेल्या जमिनीच्या तुकड्यावरची गरीबपट्टी (गरिबांच्या मदतीसाठीचा कर) कुळाऐवजी जमीनदाराने भरायची. म्हणजे जितकी गरीब कुळे जास्त, तितका मालकाला भुर्दंड. कारभाऱ्याने हिशेब मांडला: या लोकांना ‘वर्कहाउस’ या सरकारी गरीबगृहात पोसण्यापेक्षा जहाजाचे भाडे भरून कॅनडाला धाडणे स्वस्त. 1847 मध्ये 1,490 माणसे रॉयल कॅनॉलच्या काठाने चालत डब्लिनला गेली, तिथून लिव्हरपूल आणि पुढे क्विबेक. त्यांतल्या ‘व्हर्जिनियस’ जहाजावर 476 प्रवासी होते. 158 वाटेतच मेले. त्याच वर्षी 2 नोव्हेंबरला, बैठकीहून घरी परतताना मेजरसाहेबांना गोळी घातली गेली.

हा तपशील आज कळतो तो कागद टिकले म्हणून. 1979 मध्ये गावातल्याच एका मोटार-व्यावसायिकाने इस्टेट विकत घेतली. जुने कागद चाळताना त्यांना इस्टेटीतल्या क्लूनाहीच्या कुळांचा 1846 चा अर्ज सापडला: पोरे डोळ्यांदेखत भुकेने रडताहेत, बटाटे सडलेत, घरात धान्याचा दाणा नाही. ते कागद जाळले नाहीत, विकले नाहीत, आणि 1994 मध्ये त्या हवेलीच्या तबेल्यांत राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय सुरू झाले. आता तिथे हवेली आणि अर्ज एकाच फेरीत पाहता येतात. एक पाहून दुसरे पाहिले की झुंबराकडे बघायची नजर बदलते, एवढे मी सांगू शकतो.

सगळीकडे कागद उरलेले नाहीत, हे मान्य. 1920 ते 1923 च्या स्वातंत्र्ययुद्धाच्या आणि यादवीच्या धामधुमीत अडीचशेहून अधिक हवेल्या जळाल्या आणि त्यांची दफ्तरेही. मुंबईत ज्यांच्या नावाचा मेयो रोड होता (आता कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग), त्या व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंचे किल्डेअरमधले पामर्सटाउन जानेवारी 1923 मध्ये पेटवले गेले, कारण त्यांचा मुलगा नव्या राज्याच्या सेनेटवर बसला होता. पण जिथे खंडाच्या वह्या, कारभाऱ्याची पत्रे, नकाशे शिल्लक आहेत, तिथे सवलतीबरोबर एक साधी अट घाला. मालकाने त्यांची यादी जाहीर करावी, सार्वजनिक संग्रहाला त्यांच्या प्रती काढू द्याव्यात, आणि 60 दिवसांत जो कोणी येईल त्याला कुळांची हकीकतही सांगावी. प्रतींचा खर्च सरकारने उचलावा. छपरासाठी उचलता, तसाच.

सुरुवात स्वतःच्या घरापासून करता येईल. गॉलवेतले कूल पार्क तुमच्याच खात्याच्या ताब्यात आहे. हवेली 1941 मध्ये पाडली गेली, बाग राहिली. येट्स, शॉ या लेखकांनी आद्याक्षरे कोरलेला बीच वृक्ष पाहायला लोक येतात. त्याच घरचे विल्यम ग्रेगरी यांनी 1847 मध्ये पार्लमेंटात पाव एकराचे कलम आणले होते: पाव एकराहून जास्त जमीन धरून बसलेल्या कुळाला मदत नाही, आधी जमीन सोडा, मग अन्न मागा. त्या झाडाइतकीच जागा या कलमालाही द्या.

शिवाय जमीनदारांच्या इस्टेटी घेऊन वाटणाऱ्या सरकारी लँड कमिशनची दफ्तरे. कोणाची इस्टेट कोणाला, किती पैशांत वाटली गेली, हे त्यांत लिहिलेले आहे, आणि ती पोर्टलाईशच्या गोदामात सामान्य अभ्यासकाच्या हाताबाहेर पडून राहिली आहेत. ती कृषी खात्याकडे आहेत, तुमच्याकडे नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी मंत्रिमंडळात तुम्ही एकाच टेबलाशी बसता. खासगी मालकांना वह्या उघडा म्हणण्याआधी सरकारने आपल्या उघडाव्यात, नाहीतर ते हसतील, आणि त्यांचे बरोबरच असेल.

कलम 482 च्या हवेल्यांची यादी दरवर्षी निघते. पुढच्या यादीत तारखा आणि तिकिटांच्या दरांशेजारी, त्या इस्टेटीचे कागद कुठे पाहायला मिळतील यासाठी एक रकाना वाढवावा, ही विनंती.

आपला,
डब्लिनमधला एक मराठी भाडेकरू