ढगांमागचा बिग बेन

प्रिय बाळ्या,

तुझ्या पत्राला महिना उलटला. शिव्या घालशील, घाल, पण आधी कारण ऐक. हल्ली रात्री जेवणं आटोपली की मी उपग्रहाची छायाचित्रं उघडून बसतो, तीही एकाच बेटाची. दहांतली नऊ नुसती पांढरी. ढग की बर्फ, तेही कळत नाही.

बेटाचं नाव हर्ड. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, पर्थपासून सुमारे ४००० किलोमीटरवर. मालकी ऑस्ट्रेलियाची, वस्ती शून्य. धावपट्टी नाही, धक्का नाही. बेट म्हणजे जवळजवळ एकच डोंगर, बिग बेन नावाचा जागा ज्वालामुखी. त्याचं टोक म्हणजे मॉसन शिखर, २७४५ मीटर. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरचं सर्वांत उंच कोशियस्को २२२८ मीटरवरच थांबतं. आणि हा पठ्ठ्या अंगावर हिमनद्या पांघरून आतून धुमसतोय!

तुला डोंगरांचं वेड, म्हणून हे खास तुझ्यासाठी. १९६५ च्या जानेवारीत पाच जण पहिल्यांदा माथ्यावर पोचले. 'पटनेला' नावाच्या शिडाच्या जहाजातून गेले होते, कप्तान बिल टिलमन. हो, तोच, १९३६ मध्ये नंदादेवी सर करणारा. पण इथे तो चढला नाही. बेटाला धड आसऱ्याचं बंदर नाही, म्हणून पाचांना रबरी होडीतून लाटांवर सोडून तो जहाज घेऊन केर्गेलेन बेटाकडे गेला आणि नंतर न्यायला परत आला. शीड क्षितिजाआड जाताना त्या पाचांच्या पोटात काय झालं असेल? मी तर चढाई सोडून किनाऱ्यावरच बसलो असतो.

२०१६ च्या जानेवारीअखेर 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजावरचे शास्त्रज्ञ तिथला समुद्रतळ तपासत होते. डोंगर बघायला कुणी आलंच नव्हतं. तेवढ्यात ढग जरा सरकले, तर माथ्यावर वाफेचा लोट आणि खाली हिमनदीवरून उतरणारा लाव्हा! मला या लोकांचा मनापासून हेवा वाटतो.

माझ्या वाट्याला मागच्या आठवड्यात एक फट आली. साध्या रंगांत काहीच दिसेना. उष्णता टिपणारं अवरक्त छायाचित्र लावलं, तर निळसर बर्फाच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा नारिंगी ठिपका, त्याला बारीकशी शेपटी. हिला हाक मारून दाखवला. तिने पदराने स्क्रीन पुसून पाहिली.

सोबत ते चित्र ठेवलंय. पुसू नकोस.

तुझा,
अन्या