नाताळची रोषणाई : आधी जोड तपासा

महोदय,

नाताळात शहराच्या मध्यभागी प्रकाशाचे बोगदे आणि कमानी उभ्या राहतात, त्या पाहायला गर्दी लोटते. पण एका पावसाने किंवा दवाने रोषणाईचा निम्मा भाग विझला, तर दोष बहुधा एलईडीचा नसतो, जोडणीचा असतो.

पाणी वायरवरून ओघळत थेट कनेक्टरमध्ये शिरते. म्हणून जोडाच्या अलीकडे वायरला खाली झोल द्यावा. थेंब झोलाच्या तळाशीच गळून पडतो. उघड्यावर आयपी ६५ चे (धूळ आणि पाण्याचा फवारा रोखणारे) जोड वापरावेत, पाणी साचते तिथे आयपी ६७ चे (थोडा वेळ पाण्यात बुडाले तरी टिकणारे). चिकटपट्टीवर मुळीच भागवू नये, ती ओल आत कोंडते.

एलईडीला वीज पुरवणारा ड्रायव्हर (पॉवर सप्लाय) बहुधा थोडा प्रवाह अर्थिंगमध्ये सोडतोच. ३० मिलीअँपिअरच्या एकाच आरसीसीबीवर (अशी गळती वाढली की वीज तोडणारा सुरक्षा स्विच) वीस-पंचवीस ड्रायव्हर टाकले, की ओलाव्यात तो वारंवार पडतो. मग वैतागून कोणीतरी तो बायपास करतो. लहान मुले ज्या लोखंडी सांगाड्याला हात लावतात, त्याचे संरक्षणच त्यामुळे जाते! नेहमीची गळती ९ मिलीअँपिअरच्या आत राहील अशी सर्किटे विभागावीत.

शेवटचे दिवे मंद का? २४ व्होल्ट, १० अँपिअर, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि २० मीटर अंतर, एवढ्यात जवळपास ३ व्होल्ट वाटेतच जातात. पॉवर सप्लाय माळेजवळ आणावा.

फोटोची कमान मात्र अरुंद गल्लीच्या तोंडाशी नको. लोक तिथेच थबकतात आणि मागची रांग तुंबते.

– रोषणाईची कामे करणारे काही वाचक